दाराशी अडलेला खेळ

डायल-अप बुलेटिन बोर्डावरचा खेळ हा बोर्डाच्या प्रोग्रॅमचा भाग नसे. बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम वेगळा, खेळ वेगळा, आणि दोन्ही लिहिणारे बहुतेकदा एकमेकांना न भेटलेले. फोनवरून आलेल्या माणसाने यादीतला खेळ निवडला की बोर्ड संगणकाचा ताबा खेळाकडे सोपवून बाजूला होई आणि खेळ संपला की ताबा परत घेई. बोर्डातून बाहेर जाण्याच्या या वाटेला ‘डोअर’ म्हणत, म्हणून हे ‘डोअर गेम’. १९७८च्या फेब्रुवारीत शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला सार्वजनिक डायल-अप बोर्ड सुरू केला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरोघरच्या पीसींवर असे बोर्ड चालत होते आणि त्यांवर सेथ रॉबिन्सनचा ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’, गॅरी मार्टिनचा ‘ट्रेडवॉर्स २००२’, अमित पटेलचा ‘सोलर रेल्म्स एलिट’ असे खेळ रंगत होते. बहुतेक बोर्डांना फोनलाइन एकच. एकाने रोजच्या ठरावीक चाली खेळून फोन ठेवायचा, मग दुसऱ्याचा नंबर लागायचा.

खेळणाऱ्याची तक्रार बहुधा तीन शब्दांत येई: खेळ अडकला आहे. कारण मात्र कुठेही दडलेले असू शकत होते. खेळणाऱ्याचा मोडेम, टेलिफोनची तार, बोर्डाचा मोडेम, सीरियल पोर्ट, त्याचा ड्रायव्हर, बोर्ड आणि शेवटी खेळ, एवढ्या टप्प्यांतून प्रत्येक अक्षर जात असे. बोर्ड चालवणाऱ्याला ‘सिसॉप’ म्हणत. जाणता सिसॉप आधी फोन बाजूला ठेवी आणि आपल्याच कीबोर्डवरून बोर्डात शिरून तोच खेळ सुरू करून पाही. इथे खेळ नीट चालला तर दोष सीरियल पोर्टपासून बाहेर कुठेतरी, नाही चालला तर तो घरातच. दोन मिनिटांच्या या चाचणीने निम्मा शोध संपत असे, आणि ती न करता थेट मोडेमच्या मागे लागणाऱ्यांच्या रात्री वाया जात.

घरातल्या दोषांत पहिला संशय एका छोट्या मजकूर-फाइलवर जाई. कोण आले आहे, किती वेळ उरला आहे, हे खेळाला कळावे म्हणून बोर्ड दार उघडण्याआधी ही ‘ड्रॉप फाइल’ लिहून ठेवी. तिचे प्रकार अनेक होते: ‘डोअर.सिस’ बऱ्याच बोर्डांना चाले, ‘डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही’ बोर्ड ‘चेन.टीएक्सटी’ लिहीत, तर आणखी काही ‘डोरइन्फो१.डेफ’. डोअर.सिसच्या पहिल्या ओळीत पोर्टचे नाव, दुसरीत वेग, दहावीत खेळणाऱ्याचे नाव, एकोणिसावीत उरलेली मिनिटे. ओळींचा हा क्रम हाच सगळा करार होता. एक ओळ कमी पडली तरी पुढचे सारे सरके आणि खेळ एखाद्याचे गाव त्याच्या नावाच्या जागी वाची. खेळ चुकीच्या डिरेक्टरीत पाहत असेल तर त्याला तिथे कालची जुनी फाइल सापडे. मग आज आलेल्या माणसाचे स्वागत काल आलेल्याच्या नावाने होई आणि त्याच्यासमोर खजिनाही काल आलेल्याचाच उघडे. ज्या बोर्डांना दोन फोनलाइन होत्या तिथे एका लाइनची फाइल दुसरी लाइन पुसून टाकी. प्रत्येक लाइनला स्वतंत्र डिरेक्टरी दिली आणि डॉसचा ‘शेअर’ हा प्रोग्रॅम आधी चालू केला की एकाच फाइलवर दोघांनी एकदम लिहिण्याचा धोका बराच टळे.

सर्वांत फसवा बिघाड वेगाचा होता. बोर्डाच्या याद्या स्वच्छ दिसत, पण दार उघडताक्षणी पडद्यावर नुसती रद्दी. यामागे चांगल्या मोडेमची एक सोय होती. फोनलाइनवरचा वेग काहीही असो, मोडेम आणि संगणक यांच्यातला वेग १९२०० किंवा ३८४०० वर कायम बांधून ठेवता येई. खेळाला मात्र ड्रॉप फाइलमध्ये फोनलाइनचा वेग दिसे, समजा २४००. तो इमानदारीने पोर्टही २४०० वर आणून ठेवी. मोडेम एका लयीत बोलतो, संगणक दुसऱ्या लयीत ऐकतो. अक्षरे जुळणार कशी? यावर ‘फॉसिल’ नावाचा ड्रायव्हर उपयोगी पडला. या नावाची सुरुवात फायडो, ओपस आणि सीडॉग या तीन प्रोग्रॅमांच्या आद्याक्षरांनी होते. रे ग्विनचा ‘एक्सझिरोझिरो’ आणि डेव्हिड न्यूजंटचा ‘बीएनयू’ हे त्याचे दोन प्रसिद्ध अवतार. पोर्टचा वेग त्यात एकदा बांधला की खेळाने मागितलेला बदल तो मनावर घेत नसे.

पडद्यावरची घाण कशी आहे यावरूनही बरेच कळे. रंग आणि चौकटी ‘आन्सी’ संकेतांनी काढल्या जात: आधी ‘एस्केप’ हे अदृश्य अक्षर, मग चौकोनी कंस, रंगाचे आकडे आणि शेवटी ‘एम’. यातले एस्केप वाटेत हरवले तर उरलेले ‘[१;३३एम’ जसेच्या तसे पडद्यावर छापले जाई. लांबलचक चित्र येतानाच असे तुकडे गळत असतील आणि छोट्या ओळी सुखरूप येत असतील तर दोष ‘फ्लो कंट्रोल’चा. संगणक भराभर ओतत आहे, मोडेमची साठवण भरली आहे, आणि मोडेमचा ‘थांब’ हा इशारा कोणी पाहत नाही. उलट खेळणारा नुसता बसलेला असताना आपोआप तिरपी चिन्हे आणि महिरपी कंस उमटू लागले तर ती तारेवरची खरखर. चुका दुरुस्त करणारे मोडेम आल्यावर ही खरखर दिसेनाशी झाली, कारण बिघडलेला तुकडा मोडेम परत मागवून घेऊ लागले. तिच्या जागी मध्येच येणारे थांबे जाणवू लागले. शिवाय २४०० बिटांना सेकंदाला जेमतेम २४० अक्षरे येत आणि पूर्ण पडद्याची २००० अक्षरे यायला आठ सेकंदांहून अधिक लागत. अडकलेले वाटणारे काही खेळ केवळ सावकाश चाललेले असत.

सीरियल पोर्टांची रचनाही गोंधळाची होती. जुन्या पीसीत पहिला आणि तिसरा पोर्ट मिळून एकच इंटरप्ट क्रमांक ४ वापरत, दुसरा आणि चौथा क्रमांक ३. माउस पहिल्यावर आणि मोडेम तिसऱ्यावर असला तर माउस हलवताच मोडेम मुका होऊ शके. मोडेम दुसऱ्या पोर्टावर हलवणे हा सर्वांत सोपा उपाय. पोर्टातली चिपही महत्त्वाची ठरे. ८२५० आणि १६४५० या चिपा आलेले एकच अक्षर सांभाळत, १६५५०ए सोळा. एकाच पीसीवर दोन लाइन चालवणाऱ्याला ही नवी चिप घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

खेळ चालू असताना फोन तुटला तर तो तुटला आहे हे खेळाला कळायला हवे. मोडेम ‘कॅरिअर’ची तार कायम चालू दाखवत असेल तर खेळाला वाटे माणूस अजून आहे. तो उत्तराची वाट पाहत बसे आणि रात्रभर बाकीच्यांना एंगेज टोन ऐकू येई. मोडेमच्या सुरुवातीच्या आज्ञांत ‘अँड-सी-एक’ घातले की कॅरिअरची तार खरे तेच सांगू लागे, आणि ‘अँड-डी-दोन’ने संगणकाने इशारा दिल्यावर मोडेम फोन ठेवी. खेळणाऱ्याच्या घरी कॉल वेटिंग असेल तर त्याची टुकटुकसुद्धा फोन तोडायला पुरे. अमेरिकेत नंबराआधी ‘स्टार सत्तर’ फिरवून ती त्या कॉलपुरती बंद करता येई.

आज चालीच मिळाल्या नाहीत, अशीही तक्रार येई. तेव्हा घड्याळ पाहायचे. मदरबोर्डवरची बॅटरी संपली की पीसी १९८० सालच्या १ जानेवारीला जागा होई आणि खेळाच्या हिशेबी नवा दिवस उगवतच नसे.

एक बिघाड मात्र यंत्र सुधारल्यामुळे आला. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले बरेच प्रोग्रॅम सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या पीसींवर उघडताच ‘रनटाइम एरर २००’, म्हणजे शून्याने भागाकार, असे सांगून बंद पडत. शून्याचा तिथे संबंधच नव्हता. ठरावीक वेळ थांबता यावे म्हणून असा प्रोग्रॅम सुरुवातीलाच घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजी आणि त्या संख्येला ५५ने भागी. उत्तरासाठी जागा १६ बिटांची, म्हणजे ६५५३५ पर्यंतच. फेऱ्या ३६ लाखांपलीकडे गेल्या की उत्तर त्या जागेत मावेना, आणि प्रोसेसर यासाठीही तोच इंटरप्ट देतो जो शून्याने भागल्यावर देतो. टर्बो पास्कलमधली ही मोजणी लिहिणाऱ्याने यंत्र इतके वेगवान होईल असे धरलेच नव्हते. तयार फाइलमधली ती मोजणी बदलणारे छोटे प्रोग्रॅम पुढे आले आणि हे खेळ पुन्हा चालू लागले.

हे खेळ आजही खेळले जातात, फक्त फोनऐवजी इंटरनेटवरून. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, म्हणून ते ‘डॉसबॉक्स’सारख्या एम्युलेटरमध्ये चालवतात. आता मोडेम नाही. त्याच्या जागी त्याची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम असतो. खेळाला मात्र आधीसारखीच डोअर.सिस फाइल हवी असते, आणि सिसॉपला ती आजही योग्य डिरेक्टरीतच ठेवावी लागते.