अंत्युखियाच्या धर्मगुरूचा राग

कोकणातल्या साजगावहून एका वाटेनं पनवेल, दुसरीनं पेण. दोन्हीकडे सिनेगॉग आहेत. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल यहुदी, याच मुलखातले. येशूचे मारेकरी म्हणून कोकणानं त्यांच्यावर दगड उचलला नाही. युरोपात मात्र हा आळ शेकडो वर्षं जीव घेत राहिला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २७व्या अध्यायात रोमी सुभेदार पिलातापुढचा जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि मुलाबाळांवर घेतो. जमाव यरुशलेमातला, त्या एका दिवसापुरता. पण दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो यानं देवाच्या खुनाचा आरोप अख्ख्या इस्राएलवर ठेवला आणि पुढचे लोक त्याच नजरेनं वाचू लागले.

प्राचीन अंत्युखिया शहराचा किस्सा सर्वांत बोलका. तिथला धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम यानं इ.स. ३८६-३८७ मध्ये यहुद्यांविरुद्ध जळजळीत प्रवचनं दिली. वाचताना वाटतं, समोर यहुदी बसले असतील. समोर होते त्याचेच ख्रिस्ती लोक! ते यहुद्यांच्या सणांना सिनेगॉगात जात, शिंगाचा नाद ऐकत, तिथं शपथा घेत, दुखण्यावर उतारा शोधत. साजगावच्या यात्रेत बोंबल्या विठोबाचं दर्शन घेऊन पुढं एखाद्या पीरालाही हात जोडणारा माणूस आपल्याला नवा नाही, तसेच हे. आपली माणसं शेजाऱ्याच्या दारी जातात म्हणून गुरू चिडला आणि त्याची चीड पुढच्या पिढ्यांनी शास्त्र म्हणून वाचली. याचं मला फार वाईट वाटतं.

इकडे मिशनरी जॉन विल्सन यांनी धर्मांतराची आशा धरून १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. मंडळी हिब्रू शिकली आणि बहुतेक आपल्याच सिनेगॉगात राहिली.

रोममध्ये गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना लावलेलं हिणवणारं विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढून टाकलं. १९६३ला ते सवयीनं पुन्हा गायलं गेलं, तेव्हा पोपनी विधी थांबवून प्रार्थना नव्यानं म्हणवून घेतली. मधे, १९६०च्या जूनमध्ये, ज्यूल इझाक त्यांना भेटून गेले होते. या फ्रेंच यहुदी इतिहासकाराची पत्नी आणि मुलगी नाझींनी मारली होती. स्वतः लपून राहून त्यांनी शुभवर्तमानं नव्यानं तपासली होती. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेनं २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी ठरवलं, की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही.

गुड फ्रायडेला मत्तयाचा हा अध्याय वाचून दाखवणाऱ्यांना माझी विनंती आहे: येशू, त्याची आई आणि त्याचे बाराही शिष्य यहुदी होते, हे वाचनाआधी मोठ्यानं सांगा.