सास्तूरच्या पायाखालचे थर

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेले सास्तूर गाव भूकंपाने ढिगाऱ्यात गेले. त्या वेळी हा परिसर देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात होता. आदल्या वर्षी किल्लारी गावाकडे बसलेल्या धक्क्यांनीही तो समज मोडला नव्हता.

जमिनीखाली काय आहे, हे विहीर खणणाऱ्याला थोडेफार ठाऊक असते: वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि काळा पाषाण, अधूनमधून गेरूसारखी लाल पट्टी. म्हणजे कातळ एकसंध नाहीच. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरवर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, संपला, त्याखाली ८ मीटरचा गाळथर आणि मग प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेत हाच बेसाल्ट किलोमीटरभर जाड भरतो. आणखी खाली, काही किलोमीटरवर, पाणी मुरलेला दुबळा पट्टा असावा, असे विद्युतवाहकतेच्या मोजणीवरून काही अभ्यासकांनी मांडले. त्यावर एकमत नाही.

भूकंपाच्या लाटेचे गणित मात्र स्पष्ट आहे. ग्रॅनाइटात आडव्या कंपनाची लाट सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक धावते, मऊ मातीत काहीशे मीटरच. वेग घटला की तीच ऊर्जा वाहून नेताना हेलकावा वाढतो. शिवाय थर जाडीनुसार आपली लय धरतो: पाच मीटर माती आणि सेकंदाला २०० मीटर वेग धरला, तर एका हेलकाव्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. दगडी बैठ्या घरांची लयही साधारण तेवढीच. १९८५मध्ये मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या जाड गाळाची लय कितीतरी संथ होती, म्हणून तिथे उंच इमारती पडल्या.

तरी सगळा दोष मातीच्या माथी मारता येत नाही. भूकंपाचे केंद्र उथळ होते, म्हणून तेरणा नदीकाठची गावे भरडली गेली. जुन्या कठीण खडकातून लाटा फारशा न विरता गेल्याने हादरा मुंबई-हैदराबादपर्यंत जाणवला. आणि चिखलात रचलेल्या दोन-तीन फूट जाड दगडी भिंती, त्यांवर मातीचे जड माळवद, हे हेलकावा पेलणारे बांधकामच नव्हते.

भूकंपविषयक भारतीय मानक २००२मध्ये सुधारले, त्यात पहिला विभाग रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्यात गेला. त्याच मानकात इमारतीवरचा भूकंपभार खडक, मध्यम माती आणि मऊ माती अशा तीन आलेखांवरून काढला जाऊ लागला.