कडू खावे, पण गोळी सोडू नये

शेतात राबणाऱ्याला कुठला साखरेचा रोग, असे आपण म्हणत आलो. हा रोग शेठलोकांचा, असे आपल्याला वाटे. पण आता जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतही तो आढळतो. त्याचे नाव मधुमेह.

आपण भाकरी खातो. पोटात तिची साखर होते. ती रक्तातून अंगभर जाते आणि अंगाला बळ देते. पण रक्तातली साखर अंगात शिरायला एक रस लागतो. त्याला इन्सुलिन म्हणतात. हा रस म्हणजे दाराची किल्लीच. किल्ली हरवली, किंवा कुलूप गंजले, की साखर रक्तातच साचते. मग फार तहान लागते. रात्री सारखे लघवीला उठावे लागते. जखम लवकर भरत नाही. कुणाकुणाला तर काहीच जाणवत नाही.

आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग ठाऊक होता. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे त्यांनी पाहिले होते. त्यावर ते कडू-तुरट वस्तू देत.

अशा वस्तू आपल्याकडे पुष्कळ आहेत. मेथ्या घरात असतात. कारली वेलावर लागतात. जांभळाच्या बिया पावसाळ्याच्या तोंडाला मिळतात. यांत काही गुण नाही, असे आम्ही म्हणत नाही. मेथ्या भिजवल्या की बुळबुळीत होतात, हे तुम्ही पाहिले असेल. तो बुळबुळीतपणा पोटातली साखर रक्तात हळूहळू जाऊ देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत काही रोग्यांना जेवणातून मेथ्यांची पूड दिली. त्यांची साखर उतरली.

गुडमारची गंमत वेगळी. तिचे पान चावून गूळ खा. गूळ गोड लागत नाही. पण जिभेला गोडी कळली नाही, म्हणून गूळ पोटात गेलाच नाही असे थोडेच आहे?

गोळी परकी आणि पाला आपला, असे काही जण म्हणतात. पण मधुमेहाच्या एका मोठ्या गोळीचे मूळ झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती आहे. लोक ती या रोगावर देत. पण ती विषारी होती. संशोधकांनी तिच्यातल्या द्रव्यासारखे कमी धोक्याचे औषध तयार केले. १९५७ साली फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी ते रोग्यांना देऊन पाहिल्याचे प्रसिद्ध केले. तीच मेटफॉर्मिनची गोळी. मग फरक कशात? फरक मापात. गोळीत औषध किती, ते ठरलेले असते. दोन वेलांची कारली सारखी नसतात.

समजा, घरच्या आप्पांनी कारल्याचा रस सुरू केला आणि गोळी सोडली. आठ दिवस बरे वाटेल. पण साखर आतून वाढत राहील. ती दुखत नाही. ती डोळे आणि मूत्रपिंडे नासवते. पाय बधिर करते. बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते. पाय कापायची पाळी येते. इन्सुलिनची सुई घेणाऱ्याने ती सोडली, तर थोड्या दिवसांत जिवावर बेतते.

गोळी आणि पाला दोन्ही घेतले, तर साखर फार उतरू शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी तीन लहान चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. दवाखाना गाठावा. आणि कडू लागणाऱ्या दुधीचा रस तर कधीच पिऊ नये. त्याने विषबाधा होते.

मग करावे काय? तिशी उलटली की सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासावी. पुन्हा तशीच आली, तर तो मधुमेह. मेथीची भाजी, कारल्याची भाजी खुशाल खावी. कळण्याची भाकरी खावी, पण मोजून. गूळ म्हणजेही साखरच. रावेर-यावलचे केळे गोड खरे, पण घडाजवळ बसू नये! रोज चालावे. पाला घ्यायचाच असेल, तर डॉक्टरांना सांगून घ्यावा. लपवू नये.

कारले ताटात असू द्या आणि गोळी वेळेवर घ्या. म्हणजे आप्पा आपल्या पायांनी शेतावर जातील.