भाडे निम्मे, सही कुणाची?

बदलीचा हुकूम हाती पडला की नव्या शहरात पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा. मुंबई, पुणे वा बेंगळुरू येथे एकट्याच्या पगारात सदनिका भाड्याने घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे असते. मग कुणी सहकारी सुचवितो, ‘‘एक जण जोडीदार शोधतो आहे, पाहता का?’’ निम्म्या भाड्याचा मोह मोठा असतो.

परक्या शहरात एकत्र राहणे नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. धोबीतलाव परिसरात गोव्याच्या खलाशांसाठी गावोगावचे ‘कूड’ नावाचे क्लब होते. त्यांतील काही आजही आहेत. तेथे सोबती बहुधा गावचाच असे. पैसे थकविले तरी पुन्हा गावात तोंड दाखवावयाचे असे. गावच जणू जामीन होते.

आजचा जोडीदार अनोळखी असतो. त्या जामिनाची जागा कागदाने घ्यावयाची. आणि नेमके तेच संकोचापोटी राहून जाते.

समजा, भाडे २४,००० रुपये आहे आणि करारावर एकाचेच नाव आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्याला अन्यत्र नोकरी लागते व तो सामान आवरून निघून जातो. घरमालक पूर्ण २४,००० मागणार ते सही करणाऱ्याकडेच. उलटपक्षी, ज्याचे नाव करारात नाही त्याने अनामतीचा निम्मा हिस्सा रोखीने दिला असेल, तर तो परत मागण्यास त्याच्याजवळ पुरावा कोणता? जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावरील सवलत मागतानाही त्याची हीच अडचण होते.

म्हणून करारात दोघांचीही नावे असावीत. महाराष्ट्रात असा करार लेखी व नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मात्र नावे दोन असली तरी पूर्ण भाड्यास प्रत्येक जण जबाबदार राहील, अशी अट त्यात असू शकते. ती सहीपूर्वी वाचलेली बरी.

अनामत व भाडे प्रत्येकाने आपापल्या खात्यातून द्यावे. खर्चासाठी संयुक्त खाते उघडण्याचा विचार सोयीचा वाटतो खरा. पण ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीच्या खात्यातून एकटाही सारी शिल्लक काढू शकतो.

स्वयंपाक, पाहुणे, रात्रपाळी यांबाबतचे मतभेद बहुधा बोलून मिटतात. अवघड असतो तो एकच प्रश्न, आणि तो किल्ली घेण्यापूर्वीच विचारावयाचा असतो : आधी कोण सोडून गेले, तर किती दिवसांची सूचना द्यावयाची, आणि नवा जोडीदार मिळेपर्यंत त्याच्या वाट्याचे भाडे कुणी भरावयाचे? या प्रश्नाने समोरचा गृहस्थ नाराज झालाच, तर दुसरे घर पाहण्यास अद्याप वेळ असतो.