मऊ केस, खरखरीत कागद

कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरात आज एका गोष्टीची कमतरता नसते, ती म्हणजे फोटो! झोपलेली मनी, खिडकीत बसलेली मनी, वाटीत तोंड घातलेली मनी. मोबाइल भरून जातो. पण पुढे कधीतरी तिचं एक चांगलं चित्र हवंसं वाटलं की त्या शंभर फोटोंत उपयोगाचा एक निघत नाही. कुठे डोळे झोतानं हिरवे चमकलेले, कुठे एक कान चौकटीबाहेर, तर कुठे नुसती शेपटी. आणि बहुतेक वेळा ही आठवण होते ती मनी गेल्यानंतर. कुत्र्याचं आयुष्य दहा ते तेरा वर्षांचं, मांजराचं फार तर थोडं अधिक. आपल्या घरातलं एक मूल दहावीला जाईपर्यंत ते म्हातारं होतं.

म्हणून मैत्रिणींनो, चित्र काढायचं ते प्राणी घरात हिंडताफिरताना, हे माझं पहिलं सांगणं. दुसरं असं की, त्यासाठी तैलरंग नकोत, स्टँड नको. रंगीत पेन्सिली आणि जरा खरखरीत कागद एवढ्यावर काम भागतं. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली आणि मग पेन्सिल कधी हातात धरली नाही, अशा बायकांनाही हे जमण्यासारखं आहे. कारण यात निम्मं काम कागदच करतो.

खरखरीतच का?

गुळगुळीत कागदावर पेन्सिलीची रेघ सलग, तारेसारखी उमटते. त्यावर केस काढायला बसलं की प्रत्येक केस सुटा दिसतो आणि मांजराऐवजी खराटा तयार होतो! खरखरीत कागदाला बारीक उंचवटे आणि खळगे असतात. हलक्या हातानं पेन्सिल फिरवली की रंग उंचवट्यांवर बसतो, खळगे कोरे राहतात. रेघ आपोआप तुटक आणि मऊ होते. तिच्यावर दुसरा रंग फिरवला की तो थोडा पहिल्यावर, थोडा उरलेल्या जागेत बसतो. असे चार-पाच रंग एकमेकांत मिसळले की दुरून पाहताना दाट लोकर दिसते.

आणखी एक फायदा. गुळगुळीत कागद थोड्याच थरांनंतर मेणचट होतो आणि पुढचा रंग घसरायला लागतो. खरखरीत कागदाच्या खळग्यांत जागा असते, म्हणून तो पुष्कळ जास्त थर घेतो. प्राण्यांच्या केसांत एक रंग कधीच नसतो, तेव्हा हे थर हवेतच.

कागद पारखून घ्या

शाळेत वापरतात तो कार्ट्रिज पेपर सरावाला ठीक. पण मुख्य चित्रासाठी जलरंगाचा जाड कागद घ्यावा. दुकानात 'कोल्ड प्रेस' म्हणून मागा, ३०० जीएसएमचा. त्याचा पोत मध्यम असतो. 'हॉट प्रेस' म्हणजे गुळगुळीत, तो आपल्या कामाचा नाही. 'रफ' फारच खडबडीत असतो. चित्र मोठं असेल तरच तो घ्यावा, नाहीतर लहानसे डोळे त्याच्या खळग्यांत हरवून जातात.

पांढऱ्या मांजराला रंगीत पेस्टल पेपर चांगला, करडा किंवा फिकट तपकिरी. पांढरी पेन्सिल त्यावर उठून दिसते. या कागदाच्या दोन बाजूंचा पोत बहुधा वेगवेगळा असतो. चेहऱ्यासाठी बारीक पोताची बाजू निवडा. हातकागदही सुंदर दिसतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, तेव्हापासून हा कागद आपल्याकडे अनेकांच्या परिचयाचा आहे. मात्र काही हातकागदांचे तंतू घासल्यावर सुटतात. म्हणून कोपऱ्यात एकाच जागी पाच-सहा वेळा पेन्सिल फिरवून पाहा. कापसासारखं काही वर आलं तर तो ताव भेटकार्डांना ठेवून द्या.

काहीजणी सुताराच्या पॉलिश पेपरवर चित्र काढतात. केसांचा परिणाम झकास येतो, पण पेन्सिल भराभर झिजते आणि हा कागद पुढे पिवळा पडून ठिसूळ होतो. गंमत म्हणून एकदा करून पाहावं. जपून ठेवायच्या चित्राला नको.

कागद घेताना खिडकीशी तिरका धरून पाहा. सावल्यांवरून पोत लगेच कळतो.

पेन्सिली कोणत्या?

रंगीत पेन्सिली मुख्यतः दोन तऱ्हेच्या, मेणावर बांधलेल्या आणि तेलावर बांधलेल्या. मेणाच्या मऊ असतात, पण रंग दाट बसला की काही दिवसांनी त्यावर पांढुरकी साय धरते. ती मऊ कापडानं हलकेच टिपली की जाते. तेलाच्या थोड्या कडक, त्यांचं टोक जास्त टिकतं. जर्मनीच्या फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉस पेन्सिली १९०८ साली निघाल्या, त्या या जातीच्या. किंमत पाहून दचकू नका! हात बसेपर्यंत मुलांच्या चोवीस रंगांच्या पेटीवर भागतं. पुढे चांगल्या पेन्सिली सुट्या घ्याव्यात. मांजराकुत्र्याला आठ रंग पुरतात: पांढरा, साईचा, यलो ऑकर म्हणतात तो पिवळट मातकट, विटकरी, गडद तपकिरी, करडा, इंडिगो म्हणजे गडद निळा, आणि काळा. नाकासाठी आणि कानाच्या आतल्या बाजूसाठी फिकट गुलाबी पेटीतला चालेल.

टोक सतत तासलेलं हवं. खरखरीत कागदावर ते लवकर बोथट होतं. आणि पेन्सिल फरशीवर पडू देऊ नका. आतली कांडी तुटते आणि तासताना तुकडे गळत राहतात.

आधी निरखून घ्या

प्राणी पोझ देऊन बसत नाहीत. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९९५ साली आपल्या दोन डॅक्सहुंड कुत्र्यांची चित्रं रंगवली, तेव्हा त्यांनी घरात ठिकठिकाणी बुटके ईझल मांडून ठेवले होते. आपण ईझलऐवजी एक वही हाताशी ठेवू. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत झोपलेल्या मांजराची पाठ, कान, पंजे जमतील तसे टिपत जा. आठ दिवसांत तुमचं तुम्हालाच कळेल, की मनीचा डावा कान जरा बाहेर झुकतो.

फोटो घ्यायचा तर खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्या. सकाळी खिडकीशी, फ्लॅश बंद करून. उभ्यानं घेतलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय काडीएवढे येतात.

काय काय पाहायचं? मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी आणि अंधारात गोल होते. कुत्र्याची नेहमी गोलच. पट्ट्यांच्या मांजराच्या कपाळावर इंग्रजी 'एम' अक्षरासारखी खूण असते. लहान पिल्लांचे डोळे निळे असतात, दीड-दोन महिन्यांच्या सुमारास त्यांचा रंग पालटू लागतो. तेव्हा पिल्लूपणीच्या फोटोवरून मोठ्या मांजराचे डोळे रंगवू नका.

आता चित्राला बसू

फोटोची मोठी प्रत काढा. तिच्या मागच्या बाजूवर तपकिरी पेन्सिल घासा, प्रत चांगल्या कागदावर ठेवा आणि डोळे, नाक, कान, चेहऱ्याची कड एवढंच वरून गिरवा. शिसपेन्सिल वापरू नका. तिची काजळी फिकट रंगांत मिसळून मळकट दिसते. चित्राच्या कागदावर खोडरबरही जपून वापरा. जोरात घासलं की पोत मरतो आणि तेवढी जागा कायमची वेगळी दिसते.

मग मिशा. हो, रंगाच्या आधी मिशा! संपलेलं बॉलपेन किंवा लोकरीची बोथट सुई घ्या, कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि मिशांच्या रेघा दाबून ओढा. कागदावर बारीक चर पडते. पुढे पेन्सिल आडवी धरून रंग फिरवला की तो चरीत उतरत नाही आणि पांढऱ्या मिशा आपोआप उमटतात. रंगीत कागदावर मात्र मिशा कागदाच्या रंगाच्या येतील, हे ध्यानात असू द्या. तिथे पांढरी पेन्सिल तासून शेवटी ओढणंच बरं.

त्यानंतर डोळे. केसांना वरदान असलेले खळगे इथे शत्रू होतात. बुबुळात पांढरे ठिपके राहिले तर डोळा निर्जीव दिसतो. म्हणून अगदी टोकदार पेन्सिलीनं, हलक्या हातानं, बारीक बारीक गोल फिरवत खळगे भरा. बाहुलीला आधी इंडिगो, मग तपकिरी, आणि सर्वांत शेवटी काळा. वरच्या पापणीची सावली डोळ्यावर पडते, तेवढा भाग गडद ठेवा. आणि चमकेची जागा कोरी सोडा. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५०२ साली जलरंगांत काढलेला एक ससा व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्याच्या डोळ्यातल्या चमकेत खिडकीचं प्रतिबिंब दिसतं! चमक म्हणजे नुसता पांढरा ठिपका नव्हे. उजेड जिथून येतो त्या खिडकीची ती खूण. म्हणून दोन्ही डोळ्यांत ती एकाच बाजूला हवी.

आता केस. वेगळ्या कागदावर चेहऱ्याचा कच्चा आराखडा काढून त्यावर बाण मारा. नाकावरून केस कपाळाकडे वर जातात, गालांवरून बाहेर पसरतात, हनुवटीखाली खाली उतरतात. पेन्सिल या बाणांप्रमाणेच फिरली पाहिजे. रेघ मुळाशी जरा दाबून सुरू करा आणि टोकाला हात उचला. नाकावर रेघा अगदी आखूड, गालावर लांब. आधी फिकट रंग, मग मधले, शेवटी गडद. घाई नको! एका बैठकीत एकच थर झाला तरी पुष्कळ.

पांढऱ्या मांजराला सावलीत करडा आणि साईचा रंग लागतो. काळ्या कुत्र्याला नुसता काळा दिला तर भोक पडल्यासारखं दिसतं. खाली इंडिगो आणि तपकिरी दिले की त्याच्या पाठीवरचा उजेड दिसू लागतो.

चेहरा आहे तसा राहू द्या

बहुतेकजणींना चित्र 'गोड' करायचा मोह होतो. फाटलेला कान पुरा करायचा, पिकलेलं तोंड काळं करायचं. तसं करू नका. ज्या कानाला घरातली मुलं रोज कुरवाळतात तो फाटकाच आहे. तो पुरा केला की चित्र कुठल्यातरी दुसऱ्याच कुत्र्याचं होतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आपल्या म्हाताऱ्या कुत्रीचं चित्र असंच रविवारी रविवारी काढलं. डोळे रंगवताना ती अडली. उजव्या डोळ्याची बाहुली काळी होती, डाव्या डोळ्याची मात्र काही केल्या काळी दिसेना. तिच्यात दुधासारखी निळसर झाक होती. फोटोचा दोष असेल म्हणून तिनं कुत्रीला उजेडात नेऊन पाहिलं, तर खरोखरच तसं होतं. आईनं जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मोतीबिंदूची सुरुवात निघाली. रोज पायांत घुटमळणाऱ्या त्या कुत्रीच्या डोळ्याकडे इतके दिवस घरात कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं. मुलीनं चित्रात ती निळसर झाक तशीच ठेवली आणि घरातली खुर्चीटेबलं इकडची तिकडे हलवायची नाहीत, असं सगळ्यांना बजावून ठेवलं.

चित्र टिकवायचं तर

रंगाचा भुगा हातानं झटकू नका, मऊ ब्रशनं काढा. हाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर घामानं डाग पडतात. चौकट करताना काच चित्राला टेकू देऊ नका. मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा. थेट उन्हाची भिंत टाळा. गुलाबी आणि जांभळे रंग विशेष लवकर उडतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तर चित्र मुळीच नको, बुरशी धरते. मागच्या बाजूला प्राण्याचं नाव, वय आणि तारीख लिहायला विसरू नका. मुलं मोठी झाल्यावर तेच आधी वाचतात.

पहिलं चित्र मनासारखं आलं नाही तर फाडू नका, तारीख घालून ठेवून द्या. दुसऱ्याला बसाल तेव्हा केस कुठे दाटले आणि डोळे कुठे कोरे राहिले, हे त्यावरूनच समजेल. या आठवड्यात फक्त कागदाचा एक ताव आणा आणि एक दुपार नुसते डोळे काढण्यात घालवा. तोवर मनी खिडकीत येऊन बसलेली असेलच!