पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा

पाठीचा कणा (पृष्ठवंश, मेरुदंड) हा मानवी धडाचा मध्यवर्ती अस्थिस्तंभ होय. याच्या वक्षीय भागाला मागील बाजूने जोडलेल्या बरगड्या आणि समोरील उरोस्थी मिळून छातीचा पिंजरा तयार होतो. दोहोंचे वर्णन बहुधा स्वतंत्रपणे केले जात असले, तरी प्रत्यक्षात ती एकच यंत्रणा आहे. कुस्तीपंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरच्या आखाड्यांत या यंत्रणेची ताकद आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात.

मणके

जन्माच्या वेळी कण्यात साधारणपणे ३३ मणके असतात: मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४. शेवटच्या दोन गटांतील मणके पुढे एकमेकांना जुळून येतात. त्यामुळे प्रौढ व्यक्तीत सुटे मणके २४ उरतात. प्रत्येक मणक्याच्या पुढील जाड भागावर शरीराचा भार येतो, तर मागील कमानीतून मेरुरज्जू जातो. मेरुरज्जू कण्याइतका लांब नसतो. प्रौढांमध्ये तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली केवळ चेतांचा जुडगा असतो.

मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. बोलीभाषेत त्यांना गादी म्हणतात. चकतीचा गाभा मऊ व पाणीदार असून त्याभोवती चिवट तंतूंची कडी असतात. दिवसभराच्या भाराने चकत्यांतील पाणी थोडे कमी होते, म्हणून माणूस सकाळपेक्षा रात्री सुमारे एक सेंटिमीटरने बुटका असतो. ‘गादी सरकली’ असे म्हटले जाते तेव्हा संपूर्ण चकती जागची हलत नाही. कडी फाटून गाभा बाहेर येतो आणि चेतेवर दाब पडतो. हा प्रकार कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत सर्वाधिक आढळतो.

छातीचा पिंजरा

बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. ही संख्या स्त्री व पुरुष दोघांत सारखीच असते. याविषयीचा लोकप्रिय समज चुकीचा आहे. पहिल्या सात जोड्या स्वतःच्या कूर्चेने उरोस्थीला जोडलेल्या असतात. आठवी ते दहावी वरच्या बरगडीच्या कूर्चेला मिळते. अकरावी व बारावी पुढून मोकळी राहते.

श्वास घेताना वरच्या बरगड्या उरोस्थीला हातपंपाच्या दांड्याप्रमाणे पुढे व वर उचलतात, तर खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूंना उचलल्या जातात. त्याच वेळी श्वासपटल खाली सरकते. छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. या हालचालीचा टेकू मागे मणक्यांवरील सांध्यांत असतो. त्यामुळे कण्याला तीव्र बाक आलेल्या व्यक्तीची फुप्फुसे निरोगी असूनही श्वास अपुरा पडू शकतो.

कुस्तीतील कणा

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला व खासबाग मैदान बांधले. हे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच शहरातील राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते.

तालमीतील जोर मारताना कणा क्रमाने पुढे वाकतो व मागे कमानीसारखा होतो. धोबीपछाडसारख्या डावात ‘कंबर फिरवली’ असे म्हटले जाते. मात्र कमरेचे मणके पुढे-मागे चांगले वाकत असले, तरी त्यांचे सांधे उभ्या कडांचे असल्याने स्वतःभोवती फारच थोडे फिरतात. ते फिरणे मुख्यतः छातीच्या मणक्यांतून व खुब्याच्या सांध्यांतून येते. उलट बरगड्यांनी जखडल्यामुळे छातीचा कणा पुढे-मागे कमी वाकतो.

चीतपट होण्याची कसोटी म्हणजे दोन्ही खांदे जमिनीला टेकणे. जमिनीला टेकणारे खांद्याचे पाते (खवाटा) बरगड्यांना कोणत्याही हाडाने जोडलेले नसते. ते स्नायूंच्या आधारे पिंजऱ्यावर सरकते आणि धडाशी त्याचा एकमेव अस्थिसंबंध गळ्याच्या हाडामार्फत असतो. पाठ लागू नये म्हणून मल्ल डोके व पाय टेकून शरीराचा पूल करतो, तेव्हा स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या वजनाचा मोठा वाटा कण्यातील सुट्या मणक्यांपैकी सर्वांत लहान मणक्यांवर, म्हणजे मानेवर, येतो.

मानेची इजा आणि श्वास

श्वासपटलाची चेता छातीतून नव्हे, तर मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मेरुचेतांपासून निघते. त्यामुळे मेरुरज्जूला मानेच्या वरच्या भागात पूर्ण इजा झाल्यास एकही बरगडी न मोडता श्वास थांबू शकतो. इजा मानेच्या खालच्या भागात असेल तर श्वासपटल चालू राहते, परंतु बरगड्यांमधील स्नायू निकामी होतात. अशा रुग्णाचे पोट हलताना दिसते, छाती मात्र फुगत नाही. त्याला जोराने खोकताही येत नाही.

म्हणून डोक्यावर आपटलेला मल्ल मान दुखत असल्याचे किंवा हातापायांना मुंग्या येत असल्याचे सांगत असेल, तर त्याला उठवून बसवणे किंवा मान मोडून ‘मोकळी’ करणे धोक्याचे असते. तो आहे त्याच स्थितीत डोके व मान दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरून ठेवतात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतात. श्वास थांबला असल्यास मात्र श्वास देणे मानेच्या काळजीपेक्षा आधी येते.