मानेतली धमनी आणि मेंदूचा झटका

अशी कल्पना करू, की मलकापूरच्या एका शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता गुरुजींच्या उजव्या हातातला खडू गळून पडतो. बोलणे अडखळते. दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते आणि ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून तास पुढे सुरू होतो. खरे तर हीच वेळ रुग्णालय गाठण्याची असते. असे का, ते आपण पाहू.

कंठमण्याच्या बाजूला बोट हलकेच टेकवले की ठोका लागतो. ही ग्रीवा धमनी. कंठमण्याच्या वरच्या कडेजवळ तिला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदू व डोळ्याकडे. या फाट्यापाशी प्रवाहाची शिस्त मोडते आणि तिथेच मेदाचा थर साचतो.

नळीची त्रिज्या निम्मी झाली तर, दाब तोच असताना, प्रवाह १/१६ होतो, हे आपण भौतिकशास्त्रात शिकतो. पण मेंदूच्या तळाशी धमन्यांचे कडे असते, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे रक्त बरीच उणीव भरून काढते. मोठा धोका असतो थरावरून सुटणाऱ्या गुठळीचा. ती विरघळली तर लक्षणे जातात, मात्र थर तसाच राहतो. पुढची गुठळी कायमचा पक्षाघात घडवू शकते.

डावी धमनी अरुंद असेल तर उजवा हात लुळा पडतो, पण अंधारी येते ती डाव्याच डोळ्यापुढे. तपासणी डॉप्लर यंत्राने होते. नळाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडते, तसेच अरुंद जागी रक्त वेगाने धावते. हा वेग सेकंदाला २३० सेंटिमीटरहून अधिक असेल तर धमनी बहुधा ७० टक्के वा अधिक अरुंद असते. सी.टी. अँजिओग्राफीने खात्री करतात.

रक्त पातळ ठेवणारी व कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे, रक्तदाब व साखरेवर ताबा आणि तंबाखूबंदी हा उपचाराचा पाया. लक्षणे होऊन गेलेली असतील आणि धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असेल, तर शस्त्रक्रियेने थर काढतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत, दोन वर्षांत त्या बाजूचा झटका केवळ औषधांवरील रुग्णांपैकी २६ टक्क्यांना आला, तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. ही शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांत व्हावी. काहींना स्टेंट बसवतात.

आम्ही मुद्दाम सांगतो: ‘अंगावरून वारे गेले’ म्हणून मालिश करीत बसू नये, मनाने ॲस्पिरिनही देऊ नये. लक्षणे टिकून असतील तर गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता याच वेळात बसवायचा असतो. म्हणून १०८ ला फोन करावा आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी.